टॉकबॅकचा पहिला शब्द कोण गिळत होतं?

मला दिसत नाही, त्यामुळे टीव्हीचा मेनू म्हणजे माझ्यासाठी टॉकबॅकचा, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सुविधेचा, आवाज. साउंडबार जोडला आणि तो आवाज अर्धवट यायला लागला. सिनेमा थांबवून मेनू उघडला की 'सेटिंग्ज'ऐवजी नुसतं 'टिंग्ज'. 'हो' आणि 'नाही' तर पूर्ण गायब! 'डिलीट करू का?' या प्रश्नावर अंदाजाने ओके दाबायची वेळ आली, तेव्हा मात्र डोकं फिरलं.

आधी टॉकबॅकचा वेग कमी केला, उपयोग शून्य. केबल बदलली, तीच रड. मग कान देऊन ऐकलं, तर पॉज केल्यावर साउंडबारमधून बारीक 'टक्' यायचं आणि नेमका त्याच वेळचा शब्द खाल्ला जायचा. सिनेमाचा आवाज डॉल्बी या सराउंड फॉरमॅटमध्ये, टॉकबॅकचा पीसीएम या साध्या फॉरमॅटमध्ये. साउंडबार दर वेळी गिअर बदलत बसायचा. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो'वरून 'पीसीएम'वर नेलं आणि 'टक्' थांबलं. सराउंडची मजा थोडी गेली, पण दोन कानांना एवढं पुरे.

राहिला प्रश्न दोन सारख्याच रिमोटचा. एचडीएमआय-सीईसी (केबलने जोडलेल्या उपकरणांना एकमेकांचे हुकूम पाळायला लावणारी सोय) चालू केल्यावर टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. साउंडबारच्या रिमोटला रबर बँड गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकलाय. महिन्यातून एकदा बेस वाढवायला काढतो, त्या बटणावर नेलपॉलिशचा जाड थेंब वाळवून ठेवलाय.