जुनी फ्रीलँडर घरी सांभाळताना: मागची तेलं, चार टायर आणि छपराचं पाणी

ताशी साठ-सत्तरचा वेग आला की मागच्या सीटखालून घूंऽऽ असा आवाज यायचा, वेग उतरला की बंद. शहरात तो कधीच जाणवला नाही. कात्रज-देहूरोड बाह्यवळणावर मात्र स्पष्ट ऐकू येई. गाडी २०११ ची लँड रोव्हरची फ्रीलँडर २, डिझेल, ऑटोमॅटिक, माझ्याकडे दुसऱ्या हाताने आलेली. ज्या गॅरेजात ती आधीपासून जायची तिथे सांगितलं, "टायरचा आवाज आहे." मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीचं, थोडक्यात डिफचं) तेल कधी बदललंय असं विचारलं, तर उत्तर मिळालं, "ते लाइफटाइम असतं." शेवटी मी स्वतः ते तेल काढलं. डांबरासारखं काळं. फडक्यावर गाळून चुंबक फिरवला, तर लोखंडाच्या चकचकीत कपच्या चिकटून वर आल्या. पिनियनचं, म्हणजे डिफमधल्या छोट्या दातेरी चाकाचं, बेअरिंग संपलेलं होतं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे. अशा गाड्या इंजिनामुळे फारशा मरत नाहीत. कुणी न बदललेलं अर्धा-पाऊण लिटर तेल आणि कुणी न पाहिलेलं पावसाचं पाणी त्यांना मारतं. ही दोन्ही कामं सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी होण्यासारखी आहेत.

पुण्यात तर ही गाडी घरचीच म्हणायची. टाटा मोटर्सनं २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतली आणि २०११ मध्ये पुण्यात जुळणी सुरू झालेली पहिली लँड रोव्हर म्हणजे फ्रीलँडर २. पुढे डिस्कव्हरी स्पोर्टनं तिची जागा घेतली. तुमची गाडी वेगळी असेल, पण पुढचं इंजिन आडवं आणि मागच्या चाकांना गरजेपुरती ताकद जाणारी असेल, तर खालचं बहुतेक सगळं तिलाही लागू पडेल.

आधी रचना समजून घ्या

गिअरबॉक्समधून ताकद पुढच्या चाकांना जाते. गिअरबॉक्सला चिकटून ट्रान्सफर युनिट असतं, ते तीच ताकद लांब दांड्यावरून मागे पाठवतं. दांडा संपतो तिथे हॅल्डेक्स कपलिंग आहे. तेलात बुडालेल्या क्लच प्लेट्सचा हा गठ्ठा कॉम्प्युटरच्या हुकमावर आवळला जातो, सैल होतो. त्याला लागूनच मागचा डिफ. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर युनिट, हॅल्डेक्स, डिफ अशी पाच ठिकाणी पाच वेगळी तेलं. सर्व्हिसला गेलेल्या गाडीचं यातलं पहिलंच तेवढं नेमानं बदललं जातं.

काहीही उघडण्याआधी बॅटरी

पडद्यावर 'ट्रान्समिशन फॉल्ट' किंवा 'स्पेशल प्रोग्रॅम्स नॉट अव्हेलेबल' असं आलं की छातीत धस्स होतं. घाबरू नका, मल्टीमीटर आणा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवायला हवी आणि इंजिन चालू असताना साधारण १४ च्या आसपास. १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरीचं पाहा. कमी व्होल्टेजवर या गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांविषयी खोट्या तक्रारी करत सुटतात. बॅटरी ठणठणीत असूनही इशारे येत असतील, तर ब्रेक पेडलच्या वरचा ब्रेक लाइटचा स्विच तपासा. भिंतीपाशी गाडी लावा, पेडल दाबा आणि मागचा उजेड प्रत्येक वेळी पडतो का ते पाहा. एवढ्याशा स्विचपायी लोकांनी गिअरबॉक्स उघडून घेतलेले आहेत.

सोबत एक साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, घ्या. कोड पुसण्याआधी लिहून ठेवा. पुसलेला कोड म्हणजे हरवलेला पुरावा.

चारही टायर सारखे

पंक्चर झालं, टायर फाटला, म्हणून एकच नवा घालायचा ही आपली सवय या गाडीत महागात पडते. नव्या टायरचा घेर झिजलेल्यापेक्षा मोठा असतो. पुढची आणि मागची चाकं सतत वेगळ्या गतीनं फिरली की हॅल्डेक्सच्या प्लेट्स घासत राहतात आणि तेल करपतं. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे असू द्या. नक्षीची खोली मोजायचा गेज स्वस्तात मिळतो. मी २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडू देत नाही. बदलायचेच असतील तर निदान जोडीनं बदला आणि नवी जोडी मागे टाका. हवेचा दाब महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना पाहा.

हॅल्डेक्सचं तेल: सावकाश करायचं काम

सामान आधी गोळा करा. तीन टनी ट्रॉली जॅक, चार स्टँड (गॅरेजात त्यांना घोडी म्हणतात), गोटी पान्ह्यांचा संच, हेक्स आणि टॉर्क्स सॉकेट, टॉर्क रेंच, तेल ओढायची मोठी सिरिंज, हातभर पारदर्शक नळी, पसरट घमेलं आणि भरपूर जुनी सुती फडकी. तेल आणि प्लगचे वॉशर चासी नंबर सांगूनच घ्या. पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात फिरलात तर गाडीचं नाव सांगून 'त्यातलंच आहे' असं ऐकायला मिळेल. नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. हॅल्डेक्सला त्याचंच खास तेल लागतं. तिथे डिफचं तेल गेलं तर प्लेट्स कामातून जातात.

पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा, तेल कोमट होऊ द्या. मग सपाट जागा निवडा. आपल्या पार्किंगमध्ये पाणी वाहून जावं म्हणून थोडा उतार दिलेला असतो. चेंडू ठेवून पाहा, लगेच कळतं. पेव्हर ब्लॉक असतील तर घोड्यांखाली जाड प्लायवूडचे चौकोन ठेवा, नाहीतर एक पाय रुततो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर लागतो. मागची बाजू उचलली की तो जमिनीच्या दृष्टीनं संपला. म्हणून लिव्हर 'पी'मध्ये आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून उटी (चाक अडवणारे ठोकळे) लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. गाडी पावणेदोन टनांच्या पुढची आहे. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जायचं नाही, हात घालण्यापुरतंसुद्धा नाही. चारही घोड्यांवर गाडी टेकली की खांद्यानं हलवून पाहा. ती हलता कामा नये. आणि चाकं अधांतरी असताना गिअर टाकायचा नाही.

आता खाली झोपल्यावर मागे दिसतं ते असं. लांब दांडा येऊन मिळतो तो हॅल्डेक्सचा भाग, त्याला विजेची वायर गेलेली असते. त्याच्या मागे दोन्ही चाकांकडे दांडे जातात तो डिफ. कव्हर जरी एकसंध वाटलं तरी आतली तेलं वेगळी आणि प्लगही वेगळे. मी पहिल्यांदा खडूनं 'ह' आणि 'ड' लिहून घेतलं होतं. तुम्हीही लिहा.

आमच्या शेजारी टेल्कोतून (म्हणजे आताच्या टाटा मोटर्समधून) निवृत्त झालेले एक काका आहेत. मी खालच्या प्लगला पान्हा लावलेला पाहून ते जिन्यातूनच ओरडले, "अरे थांब, आधी भरायचं बूच सुटतंय का बघ. तेल काढून बसशील आणि भरायला जागा नसेल." या एका वाक्यानं माझी गाडी वाचली, कारण भरायचा प्लग खरोखरच जाम होता. त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारला, तासभर थांबलो, सॉकेट हातोडीनं ठोकून पूर्ण बसवला आणि मगच जोर लावला, तेव्हा तो टक् करून सुटला. खालचा आधी काढला असता तर तेल नसलेली गाडी टोइंगवर घालावी लागली असती.

म्हणून क्रम असा: वरचा प्लग सैल करा, मग खालचा काढा. तेल घमेल्यात पडू द्या, वीस मिनिटं निथळू द्या. पडलेलं तेल बोटावर घ्या. काळपट आणि करपट वासाचं असेल तर ते खूप दिवस बदललेलं नाही. तळाशी राखाडी, साजूक तुपाइतका मऊ गाळ दिसला तर तो प्लेट्सच्या झिजेचा, अपेक्षितच आहे. बोटाला टोचणारे कण मात्र नकोत. कपलिंगच्या पिढीप्रमाणे त्यात बारीक फिल्टर किंवा पंपावर जाळी असते. तीही याच वेळी बदला किंवा साफ करा. जाळी गच्च झाली की पंप ताण घेऊन जळतो, आणि त्याच्या किमतीत अशी दहा तेलं येतात. पंपाचे स्क्रू सोडताना वायरचा कनेक्टर आधी काढायला विसरू नका.

नवा वॉशर घालून खालचा प्लग बसवा. किती आवळायचं ते वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, टॉर्क रेंचनं तेवढंच. हे आवरण अॅल्युमिनिअमचं आहे, अंदाजानं आवळलं तर आटे जातात. मग सिरिंजनं वरच्या भोकातून नवं तेल सोडा. पाऊण लिटरच्या आतच भरतं. भोकातून बारीक धार परत येऊ लागली की थांबा, दहा मिनिटांनी पुन्हा पाहा, पातळी उतरली असेल तर आणखी थोडं भरा. मी हे काम दर ३० हजार किलोमीटरला करतो.

डिफ आणि ट्रान्सफर युनिटची रीत हीच, फक्त तेल वेगळं. काही युनिटना खालचा प्लग नसतो, तेव्हा भरायच्या भोकातून नळी घालून सिरिंजनं जुनं तेल ओढून काढायचं. ट्रान्सफर युनिट एक्झॉस्टच्या जवळ असतं, म्हणून तिथे हात घालण्याआधी गाडी निवू द्या.

आणि आवाज आधीच सुरू झाला असेल तर? अख्खा डिफ बदलायचा सल्ला मिळेल. तो लगेच मानू नका. बेअरिंगवर त्याचा नंबर कोरलेला असतो आणि त्या नंबराचं बेअरिंग बाजारात मिळतं. माझा डिफ काढून मी भोसरीतल्या एका कारागिराकडे नेला. त्यानं बेअरिंगं आणि सील बदलून, दातांची मांडणी पाहून परत दिला. पिनियन बसवणं मात्र त्याच्यासारख्यानंच करावं. ते मिलिमीटरच्या शतांशांचं काम आहे, घरी होत नाही.

जूनच्या आधी छपराच्या नळ्या

सनरूफ पाणी पूर्ण अडवत नाही. आत येणारं पाणी चौकटीच्या पन्हाळीत पडून कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून खाली जावं, अशीच योजना आहे. मे महिन्यात गुलमोहराची चिमुकली पानं आणि पाकळ्या या पन्हाळीत जमतात, धुळीशी मिसळून त्यांचा लगदा होतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी खांबातून गालिच्याखाली उतरतं. तिथे वायरी आहेत. लोक कुबट वासाला वैतागतात, पण खरं नुकसान कनेक्टर हिरवे पडण्याचं असतं.

सनरूफ उघडा, पन्हाळ ओल्या फडक्यानं पुसा. प्रत्येक कोपऱ्यात चहाचा एक कप पाणी हळूहळू ओता आणि कुणाला तरी गाडीखाली पाहायला सांगा. चारही नळ्यांचं पाणी खाली पडताना दिसलं पाहिजे. एखादा कोपरा तुंबला असेल तर गवत कापायच्या मशिनची नायलॉनची तार टोक गोल करून हलक्या हातानं आत सारा, फिरवा, काढा, पुन्हा पाणी ओता. कंप्रेसरची हवा मारू नका, खांबाच्या आत नळीचा जोड निसटतो आणि मग छत उतरवावं लागतं. वायपरच्या खालची जाळीही त्याच दिवशी साफ करा.

इथे थांबा

टायमिंग बेल्ट घरी नको. तो बसवताना इंजिन खास हत्यारांनी जागेवर अडकवावं लागतं, एक दात चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बेल्टला किलोमीटरइतकंच वयही असतं, त्यामुळे कमी चाललेल्या गाडीचाही बदलायचा असतो. एअरबॅग, एसीचा गॅस आणि इंजेक्टर हेही जाणकाराकडेच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दर दोन वर्षांनी मशिनवर बदलून घ्या, ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरताना ब्रेक तापले की ओलसर तेल उकळतं. २०११ च्या गाड्यांची १५ वर्षांची नोंदणी २०२६ मध्ये संपते. नूतनीकरणाच्या तपासणीआधी दिवे, ब्रेक आणि पीयूसी स्वतः पाहून ठेवा, हरित कराचा हिशेबही धरा.

काढलेलं तेल डब्यात भरा. गटारात ओतलेलं तेल मुठा नदीतच जातं. तेल बदलणारी गॅरेजं जुनं तेल पुनर्प्रक्रियेसाठी देतात, त्यांच्याकडे डबा पोचवा.

गाडी खाली घेतल्यावर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत एक फेरी मारून या. परत आल्यावर प्लगांभोवती कोरडं फडकं फिरवा. रात्री मागच्या डिफखाली आणि पुढे ट्रान्सफर युनिटखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पसरून ठेवा, त्यावर खडूच्या त्याच 'ह' आणि 'ड'च्या जागा पेननं आखा. सकाळी डाग असेल तर कुठल्या प्लगचा ते लगेच कळेल. पुठ्ठा कोरडा निघाला की तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा.