प्लेस्टेशन २ (पीएस२) वर नेटवर्कवरून गेम: अडलं होतं ते एसएमबीवर

फ्री मॅकबूट (कन्सोलवर बाहेरचे प्रोग्रॅम सुरू करू देणारं सॉफ्टवेअर) असलेलं मेमरी कार्ड घातलं, ओपन पीएस२ लोडर (ओपीएल, डिस्कशिवाय गेम चालवणारा प्रोग्रॅम) उघडला. इथवर सगळं सुरळीत. पेनड्राइव्हवरून गेम चालतात, पण या कन्सोलचं यूएसबी १.१ आहे, म्हणजे फार तर १२ एमबीपीएस. मधले व्हिडिओ अडखळतात. म्हणून गेम लिनक्स मशिनवर ठेवले आणि इथरनेट केबल लावली, ते पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे.

पिंग (जोडणी तपासणारा संदेश) जात होता, गेमची यादी मात्र रिकामी. ओपीएल बोलतो जुन्या एसएमबी१ मध्ये (एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फाइल शेअर करण्याचा प्रोटोकॉल), आणि लिनक्सवर एसएमबी पुरवणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरमध्ये आवृत्ती ४.११ पासून ते मुळातच बंद असतं. लिनक्सवर सांबाच्या सेटिंगमध्ये किमान प्रोटोकॉल 'एनटी१' (म्हणजे एसएमबी१) केला, सर्व्हिस रीस्टार्ट केली. तरी यादी कोरीच! शेवटी शेअरमध्ये (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरमध्ये) 'डीव्हीडी' आणि 'सीडी' नावाचे फोल्डर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत केले, आयएसओ फाइल (गेम डिस्कच्या प्रती) त्यांत टाकल्या, तेव्हा कुठे नावं झळकली.

कन्सोलला आयपी पत्ता स्टॅटिकच (कायमचा ठरवलेला) द्या, डीएचसीपीच्या (आपोआप पत्ता देणाऱ्या सोयीच्या) नादी लागू नका. एसएमबी१ सुरक्षेच्या दृष्टीने अगदीच तकलादू, त्यामुळे हा शेअर फक्त गेमपुरता ठेवलाय. घरचे फोटो त्या मशिनवर नाहीत. पीएस२ स्लिमचं एससीपीएच-९०००० मॉडेल घेणार असाल तर आधी बायोस (कन्सोलमधलं मूळ सॉफ्टवेअर) तपासा, आवृत्ती २.३० असेल तर फ्री मॅकबूट चालत नाही.