प्रभूची सोबत ओळखण्यासाठी रात्रीची उजळणी

झोपण्यापूर्वी 15 मिनिटं काढा. अंथरुणावर पडून नको, डोळा लागतो, खुर्चीत बसा. संत इग्नेशियस लोयोला यांनी 16व्या शतकात शिकवलेले पाच टप्पे घ्या: आभार, प्रकाशाची मागणी (दिवस नीट दिसावा म्हणून), दिवसाची उजळणी, क्षमायाचना, उद्याचा संकल्प.

निम्मा वेळ उजळणीला द्या. सकाळपासून तासातासाने पुढे या आणि बारीकसारीक आठवा. भाजी निवडताना सासूबाईंना तुटक उत्तर दिलं, मग मनाला टोचलं. ती टोचणीही प्रभूची हाक असू शकते. अम्माऊस गावाच्या वाटेवर मेलेल्यांतून उठलेला येशू दोघा शिष्यांसोबत चालला, पण त्यांनी त्याला ओळखलं ते भाकर मोडताना (लूक 24). वाटेत अंतःकरण पेटलं होतं, हे त्यांना नंतरच उमगलं. म्हणून मागे वळून पाहायचं.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: आभार गाळून थेट पापं मोजायला बसतात, मग प्रार्थना नुसती हिशेबाची वही होते. आधी त्या दिवशी प्रभूकडून मिळालेल्या तीन देणग्या नाव घेऊन सांगा.

काहीच जाणवलं नाही, तरी प्रभू दूर गेला असं समजू नका. मत्तय 28:20 मधलं ‘मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे’ हे येशूचं वचन ‘सर्व दिवसां’साठी आहे, कोरड्या दिवसांसाठीही. अशा रात्री तेवढं एकच वचन सावकाश म्हणा आणि निजा.