बॅकलॉगमध्ये सगळंच ‘हाय’? या चुका टाळा

गुळाच्या अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करणारी पाच-सहा जणांची एखादी टीम घ्या, कोल्हापुरात राजारामपुरीत बसणारी. तिचा जिरा (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) उघडला तर दीडशे तिकिटं, म्हणजे एकेका कामाच्या नोंदी, आणि त्यातली शंभरावर ‘हाय’, म्हणजे सगळ्यात वरच्या प्राधान्याची. यात नवल काही नाही. तिकीट करताना ‘हाय’ निवडायला पैसे पडत नाहीत.

हाय-मीडियम-लो लावलं म्हणजे क्रम लागला, असं समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. स्क्रम ही टीमनं काम करायची एक पद्धत; तिच्या स्क्रम गाईड या नियमपुस्तिकेप्रमाणे बॅकलॉग ही करायच्या कामांची क्रमवार यादी आहे, म्हणजे एकाखाली एक. सोमवारी शंभर ‘हाय’मधलं कुठलं उचलायचं हे लेबल सांगत नाही, मग ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी होतं. ते लेबल बाजूला ठेवा आणि निदान वरची दहा तिकिटं ओढून वर-खाली लावा. दोन तिकिटं शेजारी ठेवून विचारा: या महिन्यात एकच होणार असेल तर कुठलं? ‘दोन्ही’ हे उत्तर घ्यायचं नाही.

अडतं ते इथंच, कारण फायदा दोन्हींचा दिसतो. अशा वेळी उशीर झाला तर काय बिघडेल ते बघा. समजा एक तिकीट आहे गुळाच्या ३० किलोच्या रव्याबरोबर (ढेपेबरोबर) एक आणि पाच किलोच्या रव्यांना वेगळा भाव लावण्याचं, आणि दुसरं मालकाच्या स्क्रीनवर रंगीत आलेख दाखवण्याचं. शाहू मार्केट यार्डात दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात. तोवर लहान रव्यांची सोय झाली नाही, तर दुकानदार वहीवर हिशोब सुरू करणार आणि अख्खा हंगाम वहीच चालवणार. आलेख चैत्रात दिला तरी कुणाचं अडत नाही. प्रॉडक्ट डेव्हलपमेंटवर लिहिणारे डोनाल्ड रायनर्टसन यांनी मांडलेली ‘कॉस्ट ऑफ डिले’, म्हणजे उशिराची किंमत, ती हीच. तिच्यावरून क्रम असा लावतात: उशिराची किंमत भागिले कामाला लागणारा वेळ, ज्याचं उत्तर मोठं ते आधी. पण म्हणून एक्सेलमध्ये दशांशापर्यंत आकडेमोड करत बसू नका. आकडे अंदाजाचेच असतात, त्यावरून भांडण मात्र खरं होतं.

क्रम कोण लावतो, हेही एकदा तपासा. मालक एक सांगतात, त्यांचा मुलगा दुसरं, आणि दुकानात जाऊन सिस्टीम बसवणारा पोरगा तिसरंच. गाईडमध्ये स्पष्ट आहे: बॅकलॉगचा क्रम ज्याच्या हातात तो प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे. बाकीच्यांनी तिला पटवायचं, परस्पर तिकीट वर ओढायचं नाही.

आता तिकिटाचा मजकूर. ‘पट्टी (शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशोब) नीट करा’ एवढंच लिहिलं असेल तर डेव्हलपरनं काय करायचं? त्याऐवजी लिहा: ‘शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली, तोलाई आणि उचलीची वजावट वेगवेगळ्या ओळींत दिसावी. पट्टी पुन्हा काढली तर वर ‘दुसरी प्रत’ छापून यावं.’ आता चाचणी कशाची करायची तेही कळतं. मात्र दीडशेच्या दीडशे तिकिटांना असं सजवू नका, येत्या एक-दोन स्प्रिंटमधल्यांना (स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक, जास्तीत जास्त महिन्याभराचा टप्पा) पुरे. टीमच्या क्षमतेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ रिफाइनमेंटला, म्हणजे तिकिटं अशी नीट करण्याला, सहसा जात नाही, असं २०१७ च्या गाईडमध्ये होतं. २०२० मध्ये तो आकडा काढला, पण अंदाजाला अजून बरा आहे.

वर्षभर कुणी हात न लावलेली तिकिटं सरळ बंद करा. गरज असेल तर ती मागणी परत येतेच.

बग वेगळ्या एक्सेलमध्ये आणि सर्व्हरच्या बॅकअपचं काम कुणाच्या तरी डोक्यात, असं असेल तर तेही याच यादीत आणा. नाहीतर प्रॉडक्ट ओनर अर्ध्याच कामाचा क्रम लावत बसतो.

स्प्रिंट चालू असताना यार्डातून फोन आला की सगळं सोडून तिकडं धावायची सवय बऱ्याच टीमना असते. आधी विचारा, “शेठ, बिल निघायचं थांबलंय का?” थांबलं असेल तर लगेच हातात घ्या, आणि त्या बदल्यात स्प्रिंटमधलं काय बाहेर काढायचं ते प्रॉडक्ट ओनरशी बोलून ठरवा. थांबलं नसेल तर तिकीट करा, प्रॉडक्ट ओनरकडून त्याची जागा ठरवून घ्या आणि शेठना नंबर सांगा: “तुमचं काम सातवं आहे.” ते चिडतील आणि पहिली सहा कुठली ते विचारतील. ती यादी त्यांना तिथल्या तिथं वाचून दाखवा.