स्टार खेळाडू गेल्यावर एनबीए संघाने काय करावे, हे कसे ठरवायचे?

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये संघाचा स्टार गेला की चाहत्यांत एकच चर्चा: त्याच्या जागी कोण? संघबांधणी पाहणारा जनरल मॅनेजर हा प्रश्न सगळ्यात शेवटी घेतो, निदान घ्यायला हवा. तुमच्या आवडत्या संघावर ही वेळ आली असेल आणि पुढची चाल स्वतः जोखून पाहायची असेल, तर पुढच्या क्रमाने जा.

१. तो गेला कसा, ते पाहा

ट्रेडमध्ये (संघासंघांतल्या अदलाबदलीत) गेला तर बदल्यात काहीतरी येते. २०१९ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवले आणि शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी व पहिल्या फेरीची पाच ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) मिळवली. त्यातल्याच एका पिकवर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला आणि २०२५ मध्ये थंडर विजेते झाले. फ्री एजंट म्हणून, म्हणजे करार संपल्यावर स्वतःच्या मर्जीने गेला तर बहुधा हात चोळत बसायचे. २०१६ मध्ये केव्हिन ड्युरंट गोल्डन स्टेटला गेला, तेव्हा याच थंडरला बदल्यात काहीही मिळाले नव्हते.

दुखापतीचे प्रकरण आणखी वेगळे. खेळाडू बाकावर असतो, पण त्याचा पगार हिशेबात पूर्ण धरला जातो. मे २०२५ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सचा स्टार जेसन टेटमची टाचेची शीर तुटली आणि काही आठवड्यांतच सेल्टिक्सने जरू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस यांना ट्रेड केले. पगाराचा आकडा सेकंड एप्रनच्या, म्हणजे जिच्यावर गेल्यास लीगचे कडक निर्बंध लागतात त्या रेषेच्या खाली आणणे गरजेचे होते. ज्या वर्षी विजेतेपद अवघड, त्या वर्षी जास्तीच्या पगारावर लीगला एवढा कर कोण भरणार?

२. पगाराचा हिशेब कागदावर मांडा

इथे घाई करू नका, कारण बहुतेक चाहत्यांचे गणित इथेच चुकते. ‘पाच कोटी डॉलरचा खेळाडू गेला, म्हणजे पाच कोटी मोकळे झाले’, असे होत नाही.

समजा, २०२५-२६ च्या हंगामात संघाचा एकूण पगार १८.५ कोटी डॉलर होता आणि त्यातले ५ कोटी स्टारचे. तो गेला, उरले १३.५ कोटी. त्या हंगामाची सॅलरी कॅप (एकूण पगाराची मर्यादा, जी ठरावीक सवलतींनी ओलांडता येते) सुमारे १५.४६ कोटी. म्हणजे नव्या करारांसाठी जागा जेमतेम १.९६ कोटींची. त्यातून संघाच्या इतर फ्री एजंटांवर हक्क राखायचा असेल, तर त्यांच्या नावाची रक्कमही वजा होते. शिवाय ही जागा वापरायची तर सुमारे १.४१ कोटींची मिड-लेव्हल सवलत (कॅप ओलांडूनही खेळाडू घेण्याची मुभा) सोडावी लागते, बदल्यात मिळते त्याहून लहान रूम सवलत. अशा वेळी कॅपच्या वर राहून मिड-लेव्हल वापरणेच शहाणपणाचे ठरू शकते.

स्टार जखमी असेल तर संघ लीगकडे अपवादात्मक सवलत मागू शकतो. पण ती त्याच्या पगाराच्या निम्मी किंवा मिड-लेव्हलएवढी, यांपैकी जी कमी असेल तेवढीच. मोठ्या स्टारच्या बाबतीत अर्थातच मिड-लेव्हलएवढी.

३. त्याचे शॉट कोण घेणार?

स्टार गेल्यावर त्याचे गुण जातातच, पण त्याच्यावर दोन-दोन बचावपटू धावून जायचे तेही थांबते. मग काल मोकळा शॉट मारणाऱ्याच्या अंगावर आज हात असतो. म्हणून उरलेल्यांची सरासरी बघताना स्टार मैदानात नसतानाची मिनिटे वेगळी काढा.

ड्युरंट गेल्यावर थंडरने सगळा भार रसेल वेस्टब्रुकवर टाकला. त्याने ट्रिपल-डबलची (गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्हींत दोन आकडी) सरासरी राखली, एमव्हीपी म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू झाला, पण ४७ विजयांनंतर संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. उलट कवाय लेनर्ड गेल्यानंतरच्या २०१९-२० हंगामात टोरंटो रॅप्टर्सने ५३ सामने जिंकले, हरले फक्त १९. त्यांनी मोठे नाव आणलेच नाही. पास्कल सियाकमला जास्त चेंडू दिला आणि बचाव तसाच घट्ट ठेवला. माझ्या मते बचाव शाबूत असेल, तर नवा स्टार न आणता थांबण्यात धोका कमी.

४. लढायचे की मोडून बांधायचे?

मध्ये लटकणे सगळ्यात महागात पडते. २०१८ मध्ये लेब्रॉन जेम्स दुसऱ्यांदा सोडून गेल्यावर क्लीव्हलँडने केव्हिन लव्हला चार वर्षांसाठी १२ कोटी डॉलर दिले. त्या हंगामात संघाने १९ सामने जिंकले आणि ६३ हरले.

मोडायचेच असेल तर आधी एक तपासा: संघाचे स्वतःचे पहिल्या फेरीचे पिक त्याच्याकडे आहे ना? तळाच्या संघांना वरचे पिक मिळण्याची संधी जास्त, पण ते आधीच विकले असेल तर हरण्याचा फायदा दुसऱ्याला. आणि असले, तरी २०१९ मध्ये आलेल्या सोडतीच्या पद्धतीत सगळ्यात तळाच्या संघालाही पहिल्या पिकची शक्यता १४ टक्केच. भावी पिक देऊन स्टार आणायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, लागोपाठच्या दोन वर्षांत पहिल्या फेरीचे पिकच नाही, अशी वेळ येईल असा ट्रेड नियमात बसत नाही.

५. आता नावे लिहा

पंधरा नियमित करार आणि तीन टू-वे (एनबीए आणि तिची धाकटी लीग, दोन्हींकडे खेळणाऱ्यांचे करार), एवढीच माणसे. पंधरावी जागा लगेच भरू नका. ५ जानेवारीपासून दहा दिवसांचे करार करता येतात, त्यात तरुणांना आजमावून घ्या. फेब्रुवारीतल्या ट्रेड डेडलाइननंतर काही संघ अनुभवी खेळाडूंना मोकळे करतात. अशा खेळाडूला आधीच्या संघाने १ मार्चपर्यंत सोडले असेल, तरच तो नव्या संघाकडून प्लेऑफमध्ये उतरू शकतो.