फायबरच्या छोट्या शिडाच्या होडीत फोम कसा बसवायचा, म्हणजे पाणी भरलं तरी ती तरंगत राहील

आपल्या सातारा-सांगलीकडं कितीतरी जण पाठीला डबा बांधूनच विहिरीत नाहीतर कृष्णेत पोहायला शिकलेत. डबा नीट खांद्यामागं असला की डोकं वर राहतं, आणि दोरी सैल होऊन तोच डबा कमरेखाली सरकला की ढुंगण वर आणि तोंड पाण्यात. डबा तेवढाच, हवा तेवढीच, फक्त जागा बदलली. होडीतल्या फोमचं सेम हेच आहे, लोक किती भरला ते विचारतात पण कुठं भरला ते कोण बघत नाही.

लाकडी होडी पाणी भरलं तरी बरीचशी तरंगते कारण लाकूडच हलकं, पण फायबर पाण्यापेक्षा जड आहे, आत हवा आहे तोवरच ती होडी, पाणी भरलं की दगड. मी १२ फुटी जुनी फायबरची होडी साताऱ्याजवळच्या कण्हेर धरणाच्या बॅकवॉटरला चालवायला घेतली तेव्हा विकणारा म्हणाला आत फोम फुल्ल आहे, आणि होताही, पण तळाच्या फळीखाली. होडी नेहमीपेक्षा जड लागायला लागली म्हणून फळीला भोक पाडून आतला तुकडा काढला आणि मुठीत दाबला तर कोपरापर्यंत पाण्याचा ओघळ आला. म्हणजे इतके दिवस मी तरंगायचं सामान समजून पाणीच वागवत होतो. तेव्हापासून जो कोणी जुनी होडी घेतो त्याला मी आधी भोक पाडून बघ म्हणतो.

आता हिशोब. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून एक लिटर हलका फोम पाण्याखाली दाबला की तो जवळजवळ एक किलो वर उचलतो, स्वतःचं किरकोळ वजन सोडून. आणि होडीचं सगळं वजन धरायचं नाही, बुडालेल्या वस्तूचं पाण्यात जेवढं उरतं तेवढंच धरायचं. फायबरचं साधारण एक तृतीयांश उरतं, ॲल्युमिनियमचं ६३ टक्के, लोखंडाचं ८७ टक्के. माझ्या होडीचं सांगतो : फायबर ९० किलो म्हणजे ३०, डोलकाठी वगैरे ॲल्युमिनियम २० किलो म्हणजे १३, इंजिन २५ किलोचं त्याचे २० धरले, नांगर आणि साखळी ८ किलोची ७. झाले ७०. दोन माणसं १५० किलोची, ती निम्मी पाण्यातच असतात म्हणून ७५. एकूण १४५, त्यावर पाव भाग जास्तीचा धरला की १८० च्या वर जातं, म्हणजे १९० लिटर फोम लागणार. एक मीटर बाय अर्धा मीटर, ५० मिलिमीटर जाडीची थर्माकोलची शीट २५ लिटरची भरते, म्हणजे अशा आठ शीट. (समुद्राचं खारं पाणी अडीच टक्के जास्त उचलतं, त्यामुळं कोकणातल्या होडीचा हिशोब धरणात थोडा कमी पडतो हे ध्यानात ठेवा.)

फोम कुठला घ्यायचा? बंद कप्प्यांचा, म्हणजे ज्याच्यात पाणी मुरत नाही असा. गादीचा फोम अजिबात नको. थर्माकोल स्वस्त आहे आणि चालतो, फक्त पेट्रोल लागलं की विरघळतो आणि फायबरवाला वापरतो त्या पॉलिस्टर रेझिननं पण विरघळतो, म्हणून चिकटवायचा तर इपॉक्सीनं (हा वेगळा रेझिन, तो थर्माकोल खात नाही), आणि इंजिनच्या टाकीजवळ थर्माकोल ठेवूच नका. दोन लिक्विड मिसळून ओततात तो पीयू (पॉलियुरेथेन) फोम पंचवीस-तीस पट फुगतो, बंद जागेत एकदम ओतला तर फळी फाडून बाहेर येतो, म्हणून थोडा थोडा, उघड्यावर, मास्क लावून.

आता जागा, इथं घाई करू नका. फोम दोन्ही बाजूंना, कडेच्या अगदी खाली, जेवढा वर बसेल तेवढा वर लावायचा, बसायच्या बाकांखाली लावलात तर तोही बाकाच्या वरच्या अंगाला चिकटून. दोन्ही बाजूंना सारखा, आणि थोडा पुढच्या टोकाला, थोडा मागं, मागं इंजिन असेल तर तिथं जास्त. वर लावला की पाणी भरलेली होडी न कलंडता सरळ तरंगते. तळात लावला तर तोच फोम होडीला पालथी घालायला बघतो. तुकडे पट्ट्यांनी, फळीनं घट्ट दाबून बसवा, सुटा फोम होडी बुडताना निघून वाहत जातो. आणि फोमच्या मागं पाणी निघून जायला वाट ठेवा, ओलं कोंडून राहिलं की चांगला फोमही दोन-चार पावसाळ्यांत जातो.

हे सगळं केल्यावर बुडवून बघायचं, हे टाळू नका. वारा नसेल अशा सकाळी, छातीएवढ्या पाण्यात, लाईफ जॅकेट घालून, काठाला दोरी बांधून ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायच्या भोकाचं बूच, काढा आणि होडी पूर्ण भरू द्या. मग दोघांनी आत बसून बघा, कड पाण्याच्या वर राहते का, एका बाजूला दोघं सरकलात तर पालथी होते का. एक गोष्ट माझ्याही आधी लक्षात आली नव्हती, सेंटरबोर्डची, म्हणजे होडी वाऱ्यानं आडवी सरकू नये म्हणून तळातून खाली पाण्यात सोडतात त्या फळीची, जी उभी पेटी असते तिचं वरचं तोंड पाण्याखाली गेलं तर तुम्ही बादलीनं कितीही उपसा, खालून तेवढंच पाणी आत येत राहतं. आम्ही त्या फटीत जुना टॉवेल कोंबला तेव्हा कुठं पाणी कमी व्हायला लागलं, आणि मग कडेला अजून दोन शीट वाढवल्या. तो टॉवेल आता होडीतच बांधलेला असतो.

फोम होडीला उलटण्यापासून वाचवत नाही, जास्त माणसं भरायचं लायसन तर तो अजिबात नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. हिशोबात दोन माणसं धरली असतील तर तिसऱ्याला काठावर थांबवा, तो पाहुणा असला तरी. आणि होडी भरली तर पोहत काठ गाठायला निघू नका, धरून थांबा, लांबून माणसाचं डोकं दिसत नाही पण होडी दिसते.

दर वर्षी पावसाळा संपला की एकदा आतलं झाकण उघडून फोम अंगठ्यानं दाबून बघायचा, ओल लागली तर तेवढा तुकडा काढून नवीन बसवायचा.