केबिन बॅग भरताना या चुका टाळा, म्हणजे मला फोन करावा लागणार नाही

तिकिटं काढून देणं हा माझा धंदा. त्यामुळे विमानतळावरून येणारे फोन मला नवीन नाहीत. ‘अहो, ही बाटली टाकून द्या म्हणतात’, ‘बॅग आत नेऊ देत नाहीत, तुम्ही बोलता का त्यांच्याशी?’ मी काय बोलणार! तिकिटाबरोबर नियमांचं पान प्रत्येकाला पाठवलेलं असतं, पण ते कुणी उघडत नाही. नेहमी विमानाने फिरणाऱ्या एखाद्या मेहुण्याला विचारतात, आणि मेहुण्याचं ज्ञान दहा वर्षांपूर्वीचं असतं.

सगळ्यात जास्त फोन येतात ते द्रवपदार्थांवरून. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून अमेरिकेकडे जाणारी विमानं पेयाच्या बाटल्यांत दडवलेल्या द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात हा नियम पक्का झाला: एक बाटली जास्तीत जास्त १०० मिलीची, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून १ लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत. इथे लोक एकच वाद घालतात: ‘पण त्यात थोडंसंच उरलंय!’ उरलंय किती हे कुणी बघत नाही, बाटलीवर छापलेला आकडा बघतात. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी चार थेंब असले तरी ती कचऱ्यात जाणार. टूथपेस्ट, जेल, क्रीम, मध, जॅम, शेव्हिंग फोम हे सगळं द्रवातच मोजतात. औषधं आणि तान्ह्या बाळाचं दूध यांना सूट असते, पण ती आपणहून बाहेर काढून दाखवायची; औषधाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी असली की वेळ वाचतो. हल्ली काही विमानतळांवर नवे सीटी स्कॅनर आल्यामुळे नियम सैल झालाय. त्यावर विसंबून राहू नका. जाताना चाललेली बाटली येताना दुसऱ्या विमानतळावर अडते. मी स्वतः टूथपेस्टची छोटी ट्यूब सोडली तर काहीही ओलं केबिनमध्ये नेत नाही. उरलेलं चेक-इनच्या बॅगेत, नाहीतर पोहोचल्यावर विकत.

ड्यूटी फ्रीची खरेदी हा याचाच धाकटा भाऊ. दुकानदार बाटली सीलबंद पिशवीत घालून देतो, पावती बाहेरून दिसेल अशी. कनेक्टिंग फ्लाइट असेल तर शेवटच्या मुक्कामापर्यंत ती पिशवी उघडायची नसते. तरी लोक वास घेऊन बघायला उघडतात आणि पुढच्या तपासणीत अत्तरावर पाणी सोडतात.

आता माझी सगळ्यात नावडती चूक: पावर बँक बॅगेच्या तळाशी कोंबणं.

सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या आणि पावर बँक चेक-इन सामानात चालत नाहीत, केबिनमध्येच न्याव्या लागतात. कारण सरळ आहे. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये धूर दिसतो, कर्मचारी धावून येतात. खालच्या सामानकक्षात उडत्या विमानात कुणाचा हात पोहोचत नाही. हे बहुतेकांना आता माहीत झालंय. पण आपली केबिन बॅगही गेटवर खाली जाऊ शकते, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

माझे एक ग्राहक आईला घेऊन निघाले होते. बोर्डिंग सुरू झाल्यावरही हे खुर्चीतच, ‘गर्दी ओसरू दे’ म्हणत. शेवटी गेले तेव्हा वरचे कप्पे भरलेले. गेटवरच्या मुलीने बॅगेला टॅग बांधला आणि विचारलं, ‘आत पावर बँक, बॅटरी काही आहे?’ मागे माणसं उभी, बॅग उघडायची लाज, म्हणून हे ‘नाही’ म्हणून मोकळे. सीटवर बसल्यावर फोन चार्ज करायला पावर बँक शोधू लागले आणि चेहरा उतरला. त्याच बॅगेत आईच्या रक्तदाबाच्या गोळ्याही होत्या. एवढं मात्र त्यांनी बरं केलं, की लगेच एअरहोस्टेसला सांगितलं. मग खालून बॅग हुडकून वर आणली, विमानाच्या दाराशी जमिनीवर उघडली, कपडे बाहेर, चपला बाहेर, तळाशी मोज्यात गुंडाळलेली पावर बँक. विमान उशिरा सुटलं, आणि उतरल्यावर फोन मला: ‘आधी सांगायचं नाही का?’ गेटवर त्यांना विचारलं होतं की हो!

म्हणून माझी सवय सांगतो. बॅगेत एक छोटी कापडी पिशवी ठेवतो: पासपोर्ट, औषधं, चष्मा, पावर बँक, चार्जर. बॅग गेटवर घेतली तर ती पिशवी उचलायची आणि चालू पडायचं, दहा सेकंदांचं काम.

पावर बँकेवरचा क्षमतेचा आकडाही वाचा. १०० वॅट-अवरपर्यंत (लेबलवर Wh) साधारणपणे चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर बंदी. लेबलवर फक्त एमएएच (mAh) असेल तर त्याला व्होल्टने गुणून १००० ने भागा: २०,००० एमएएच, ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-अवर. लेबल पुसलं गेलं असेल तर ती घरीच ठेवा, कारण तपासणाऱ्याला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर एक विमान सुटण्याआधीच पेटलं. संशय पावर बँकेवर गेला, आणि मार्चपासून त्या देशाच्या विमानांत ती वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई झाली. अनेक कंपन्यांनी प्रवासात तिचा वापरही बंद केलाय. तेव्हा फोन घरून भरून निघा.

बाकीच्या चुका पटापट.

बॅगेचं माप चाकं आणि हँडल धरून असतं. ५५ × ४० × २० सेंटिमीटर आणि ७ किलो हे बऱ्याच ठिकाणी आढळणारे आकडे, पण सगळीकडचे नव्हेत. तिकिटावर एक कंपनी आणि विमान दुसरीचं असेल तर सहसा नियम विमान चालवणाऱ्या कंपनीचा.

तीन जॅकेट अंगावर चढवणं, मानेच्या उशीत कपडे कोंबणं, हे रील बघून शिकलेले चाळे. वजन वाचतं कधी कधी. घाम आणि अपमान फुकट मिळतो. टांगता वजनकाटा घ्या आणि एक जोड कमी न्या.

स्वतःची बॅटरी असलेली स्मार्ट बॅग घेताना बॅटरी सुटी होते का ते बघा.

अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडे जाताना ३५० मिलीच्या वर पावडरचा डबा केबिनमध्ये ठेवू नका.

कात्री, मल्टिटूल, पेनाच्या आकाराचा कटर या वस्तू बहुतेक वेळा मागच्या सहलीतल्याच असतात. भरण्याआधी बॅग उलटी करून झटका आणि प्रत्येक कप्प्यात हात घाला. उसनी आणली असेल तर दोनदा.

इतकं करूनही काही अडलंच, तर हुज्जत घालू नका. परत जाऊन ती वस्तू चेक-इनला देता येते, किंवा सोडायला आलेलं माणूस अजून बाहेर असेल तर त्याच्या हाती देता येते. दोन्हीला वेळ लागतो, आणि काउंटर बंद व्हायला पाच मिनिटं असताना धापा टाकत आलेल्याकडे नेमका तोच नसतो. सोडायला आलेल्यांना तुम्ही तपासणीतून पार झाल्याचा फोन करेपर्यंत थांबायला सांगा.